मृदंग, तबला, हलगी : ध्वनिमुद्रणात माईक नेमका कुठं ठेवायचा?

मृदंगप्रेमी_खानापूर
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या भजनी मंडळाचं नीट ध्वनिमुद्रण करायचं मनावर घेतलंय. गाव खानापूर तालुक्यातलं, जांबोटीकडचं. मंडळात मृदंग वाजवणारे बुवा वयाने थकले असले तरी हात अजून तयार आहे. त्यांचे अभंगाचे ठेके, चाली बदलतानाच्या जागा, गजराच्या वेळची लय हे सगळं पुढच्या पोरांना ऐकून शिकता यावं एवढाच हेतू आहे. मोबाईलवर घेतलेलं पुष्कळ आहे, पण त्यात टाळ सोडून काही ऐकू येत नाही. पारायणाच्या वेळी एका मुद्रणवाल्याला बोलावलं होतं. त्याने शाईच्या (काळा लेप असलेल्या, उंच स्वराच्या) तोंडाशी चिकटून एक माईक लावला आणि धुमाच्या (खालच्या स्वराच्या) बाजूला काहीच नाही. ऐकायला बसलो तर नुसती टकटक, घुमारा औषधालाही नाही.

सध्या माझ्याकडे दोन शुअर एसएम ५७ (दणकट डायनॅमिक माईक), एका जोडीचे दोन छोटे कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारे) कंडेन्सर माईक आणि चार चॅनेलचा रेकॉर्डर आहे. जागा विठ्ठल मंदिराचा सभामंडप, वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. मृदंगाला एक माईक पुरतो की दोन लागतात, अंतर किती ठेवायचं आणि टाळांचा बंदोबस्त कसा करायचा, हे जाणकारांनी सांगावं. जत्रेत हलगीचंही मुद्रण करायचं आहे, त्याला हेच माईक चालतील का?

टिळकवाडी_तबला
चांगलं काम हाती घेतलंय अण्णा. सविस्तर लिहितो, कारण आपल्या चर्मवाद्यांना परदेशी ड्रमसेटचे नियम जसेच्या तसे लावले की असंच होतं.

आधी वाद्य समजून घेऊ. साधं गोल कातडं ताणून वाजवलं तर त्यातून निघणारा दुसरा स्वर पहिल्याच्या १.५९ पट असतो, म्हणजे सुरात बसत नाही. म्हणून साधा ढोल नुसता 'धम्म' वाजतो, त्यात षड्ज सापडत नाही. शाईमुळे हे बदलतं. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली आणि पुन्हा १९३४ साली हे दाखवून दिलं, की मधोमध चढवलेल्या शाईच्या वजनामुळे तबला-मृदंगाचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे ओळीत येतात. पण हे सगळे स्वर कातड्याच्या एकाच जागी तयार होत नाहीत. कुठला चाटेजवळ (काठाच्या पट्टीशी) जोरात असतो, कुठला लवेवर (चाट आणि शाईमधल्या जागेवर), कुठला शाईत. माईक दोन बोटांवर नेला तर समोरच्या तुकड्यात जे चाललंय तेवढंच तो ऐकतो. तुमच्या मुद्रणवाल्याची टकटक तिथून आली. वीतभर मागे आलात की स्वर एकमेकांत मिसळायला लागतात, आणि हात-दीड हातावर ते वाद्य आपल्याला ऐकू येतं तसं लागतं.

तबल्याला मी एकाच कंडेन्सरने सुरुवात करतो. दायां (उजव्या हाताचा) आणि डग्ग्याच्या (डाव्या हाताच्या) मधोमध, समोरून, कातड्यापासून साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटर वर, तोंड दोन्ही पुड्यांच्या मधल्या जागेकडे. डग्गा कमी वाटला तर माईक किंचित डग्ग्याकडे झुकवायचा. लगेच इक्वलायझरला हात लावायचा नाही. नव्वद टक्के काम इथंच होतं.

मृदंगाची अडचण अशी की दोन्ही तोंडं विरुद्ध दिशेला. समोरून, मांडीवरच्या मृदंगाच्या जरा वर, दीड-दोन फुटांवर एक माईक ठेवला तर दोन्ही हातांचा तोल वाजवणारा राखतो तसाच येतो. बुवांचा हात तयार असेल तर हाच माईक मुख्य धरा. एसएम ५७ दोन्ही तोंडांना लावायचेच असतील तर वीत-दीड वीत अंतरावर, काठाच्या रोखाने तिरके लावा. शाईच्या मधोमध रोखू नका, खुल्या थापेचा वारा थेट माईकच्या जाळीवर येतो.

आता महत्त्वाची गोष्ट. धुमावर थाप पडली की ते कातडं आत जातं आणि आतल्या हवेच्या दाबाने शाईकडचं बाहेर ढकललं जातं. म्हणजे एका माईकला खालचा स्वर 'आत' दिसतो, दुसऱ्याला 'बाहेर'. दोन्ही मिसळले की घुमारा एकमेकांना खाऊन टाकतो. रेकॉर्डरवर किंवा नंतर संगणकावर एका चॅनेलचं फेजचं बटण उलटं करून बघा आणि ज्या स्थितीत धूम भरून येतो ती ठेवा.

निपाणीची_ढोलकी
तबलजी म्हणतायत ते बंद खोलीत पटतं बघा. पण मी जत्रेत, स्टेजवर, लावणीला ढोलकी वाजवतो. तिथं दीड फुटावर माईक ठेवला तर पेटी, घुंगरू, समोरची शिट्टी सगळं आत येतं, वर मॉनिटरची (वादकांकडे रोखलेल्या स्पीकरची) शिट्टी वेगळी. तिथं ५७ ढोलकीच्या पुडीपासून चार बोटांवरच लागतो, दोन्हीकडे. त्या माईकचा खालचा आवाज दोनशे हर्ट्झच्या खाली उतरत जातो, पण जवळ आणलं की तोच चढतो, त्यामुळे घुमारा आपोआप भरून निघतो. तो माईक १९६५ पासून बाजारात आहे तो उगाच नव्हे. कोणी आपटला, पाडला तरी चालतो, कंडेन्सरला लागतात तसे ४८ व्होल्टही लागत नाहीत.

टिळकवाडी_तबला
होय की, स्टेजवर तुमचंच बरोबर. लोकांना ऐकवायचं आणि शिकण्यासाठी साठवून ठेवायचं ही दोन वेगळी कामं आहेत. खानापूरच्या अण्णांना दुसरं करायचंय. तिथं स्पीकर बंद ठेवता येतात, मंडळाला वेगळ्या संध्याकाळी बसवता येतं. स्पीकर नाही म्हटलं की जवळ जायची सक्तीच संपते.

आणि जवळ नेल्यावर खालचा आवाज चढतो तो कार्डिऑइडचा स्वभाव. तो मापात असला तर उपयोगी, पण डग्ग्याला चार बोटांवर गेलात तर मींड घेताना आवाज एका जागी फुगतो आणि दुसरीकडे विरतो. मनगट सरकताना स्वर जो वर-खाली होतो, तीच तर त्या हाताची ओळख.

शहापूरची_पेटी
मी पेटी वाजवते आणि आमच्या महिला भजनी मंडळाची मुद्रणं मीच करते, म्हणून टाळांवर लिहिते. माझ्या मते या धाग्यातला खरा प्रश्न तोच आहे. मृदंगाला माईक कुठं लावायचा यापेक्षा टाळकरी कुठं उभे करायचे हे आधी ठरवा.

कार्डिऑइड माईक पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. मृदंगाच्या माईकची पाठ ज्या दिशेला आहे त्या दिशेला टाळकरी उभे करा. सुपरकार्डिऑइड (समोरचं आणखी अरुंद ऐकणारा) असेल तर त्याची बहिरी जागा बरोबर मागे नसते, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत, साधारण १२६ अंशांवर असते, हे लक्षात ठेवा. पुष्कळ जण तो माईक आणून टाळकऱ्यांकडे सरळ पाठ करतात आणि टाळ कमी का होत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. मंडपात तसं होत नाही. स्लॅब आणि फरशी टाळ परत फेकतात, मग टाळकरी दहा फुटांवर असोत की वीस, मृदंगाच्या माईकमध्ये टाळ तेवढाच. यावर उपाय माईकचा नाही, जागेचा. फरशीवर जाजम, त्यावर सतरंजी, आणि मृदंगाच्या मागे-बाजूला दोरीवर घोंगडी टांगा. घोंगडीची लोकर जाड असते, टाळाच्या झणकाराची धार तिने चांगलीच बोथट होते. साडी किंवा पडदा लावून तेवढा फरक पडत नाही. मात्र घुमारा घोंगडीने अडत नाही. त्यासाठी मृदंग कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटून बसवू नका, मंडपाच्या मधोमधही नको. कुठल्याही भिंतीपासून एक तृतीयांश अंतरावर बसवून बघा.

टाळकरी कमी करा म्हणून सांगायला जीव होत नाही, कारण सगळ्यांना यायचं असतं. आम्ही असं करतो, की पहिल्या मुद्रणाला दोन-तीन जाणते टाळ आणि नंतर पूर्ण मंडळाचा एक अभंग वेगळा. सगळ्यांचं मन राहतं आणि शिकायला स्वच्छ मृदंगही मिळतो.

निपाणीची_ढोलकी
घोंगडीचं एकदम पटलं ताई. आमच्याकडे ताडपत्री लावतात, तिचा काही उपयोग होत नाही.

मृदंगप्रेमी_खानापूर
खूप उपयोगी. तबलजी, चार चॅनेल आहेत म्हटल्यावर कंडेन्सरची जोडी पूर्ण मंडळाला समोरून आणि ५७ मृदंगाच्या दोन तोंडांना, असं करू का? दोन माईकमध्ये तिप्पट अंतराचा नियम ऐकलाय, तो इथं कसा बसतो?

टिळकवाडी_तबला
तसंच करा. जोडी ओआरटीएफ पद्धतीने लावा, दोन माईकच्या तोंडांमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि दोघांमध्ये ११० अंशांचा कोन. मंडळापासून दोन-अडीच मीटर, उंची बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर. हीच जोडी मुख्य. ५७ फक्त बोल स्पष्ट करायला, मिसळताना हळूच वर आणायचे. मृदंग जवळ आला असं वाटायच्या आत थांबायचं.

तिप्पट अंतराचा नियम असा : माईक वाद्यापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर दुसरा माईक त्या पहिल्यापासून किमान ९० सेंटिमीटरवर हवा, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात पुरेसा बारीक होऊन जातो. मृदंग स्वतःच दोन फुटांच्या आसपास लांब. दोन्ही बाजूंना फूटभर मागे गेलात तर दोन माईकमध्ये चार फूट पडतात. आपोआप जमतं.

समोरच्या जोडीपर्यंत आवाज पोचायला दोन मीटरला सहा मिलिसेकंद लागतात, कारण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. अंतराच्या या फरकाला हलकं समजू नका. काळी एकचा षड्ज साधारण २७७ हर्ट्झचा. दोन माईकच्या अंतरात ६२ सेंटिमीटरचा फरक पडला आणि दोन्ही सारख्याच जोरात मिसळले, तर नेमका तोच स्वर खाल्ला जातो. वाजवणारा म्हणतो, 'माझा मृदंग सुरात लावला होता, इथं पोकळ का वाजतोय?' तो खरं सांगत असतो. संगणकावर दोन्ही लहरी शेजारी ठेवून जवळच्या माईकचा आवाज सहा मिलिसेकंद उशिरा येईल असा सरकवून ऐका. चांगला वाटला तर ठेवा, नाहीतर परत आणा. निवाडा कानाने करायचा.

चिकोडी_हलगी
हलगीबद्दल कोणी लिहीना म्हणून मी लिहितो. आमच्याकडे हलगी-घुमकं-कैताळ असा मेळ असतो.

पहिलं म्हणजे हलगी मागून उघडी असते. काठी पडली की पुढून हवा ढकलली जाते त्याच वेळी मागून ओढली जाते. त्यामुळे कडेच्या रेषेत, म्हणजे कड्याकडे बघत माईक ठेवला, तर पुढचा आणि मागचा आवाज तिथं एकमेकांना मारतात. नुसती काठीची चटचट राहते, जाडी जाते. मुद्रणवाल्यांना ती जागा आवडते, कारण तिथं आवाज कमी आणि काटा लाल होत नाही. फसू नका. माईक तोंडासमोरच हवा, पण नाकाच्या रेषेत न ठेवता २०-३० अंश तिरका, आणि अंतर चार-पाच फूट. त्याच्या आत गेलात तर टिपरू (जाड काठी) आणि बारीक काडी यांच्या ठोक्यांतला फरकच कळत नाही, सगळं एकसारखं फुटतं.

दुसरं, हलगी वाजवणारा एका जागी थांबत नाही. वाकतो, फिरतो, दुसऱ्याच्या अंगावर जाऊन सवाल टाकतो. त्याला खुर्चीत बसवाल तर तो वाजवणार, पण ते वाजवणं वेगळं. म्हणून जमिनीवर चुन्याने गोल आखा आणि त्यातच फिरा म्हणून सांगा. कंडेन्सरची जोडी गोलाच्या बाहेर, डोक्याच्या उंचीवर.

तिसरं आगटीचं. कातडं शेकलं की चढतं, वाऱ्याला उतरतं. पावसाळी हवेत तर दोन चाली वाजवेपर्यंत उतरलेलं कळतं. म्हणून आगटी माईकपासून लांब पण वाजवणाऱ्याच्या जवळ ठेवा. जळक्या काटक्यांचा तडतड आवाज कंडेन्सर फार स्पष्ट पकडतो, निखारे झाल्यावरच मुद्रण सुरू करा. शेकल्यावर पहिले काही ठोके जाऊ द्यायचे, मग घ्यायचं.

मोकळ्यावर असाल तर माईकला केसाळ टोपी पाहिजेच. नुसत्या फोमने माळावरचा वारा अडत नाही.

टिळकवाडी_तबला
पुढून-मागून आवाज मारतात हे फार नेमकं सांगितलंत. कुठल्याही उघड्या पाठीच्या वाद्याला, डफ-दिमडीला सुद्धा, हे लागू आहे. संबळाला नाही, त्याची भांडी खालून बंद. संबळाला दोन्ही भांड्यांच्या वरून दीड हातावर एक माईक पुरतो, लहान भांडं आधीच कडक वाजतं म्हणून रोख मोठ्याकडे.

कॅम्प_साउंड
व्यवसायाने हेच काम करतो. रेकॉर्डरच्या पातळीबद्दल दोन गोष्टी.

वाजवणाऱ्याला 'जरा वाजवून दाखवा' म्हटलं की तो हळू वाजवतो. सगळेच करतात. त्यामुळे शेवटचा गजर किंवा हलगीची सगळ्यात जोरातली चाल आधी वाजवून घ्या आणि त्याच्यावर पातळी लावा, शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास. २४ बिटमध्ये घेतलं तर हळू भाग नंतर वर आणता येतो, खरखर फारशी चढत नाही. हल्ली ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आलेत, त्यात पातळी चुकली तरी फाइल फुटत नाही. पण त्याच्या आधी माईक स्वतःच फुटला असेल तर कुठलाही बिट वाचवत नाही. कंडेन्सरवर उणे १० किंवा उणे २० डेसिबलचं पॅड (आवाज कमी करणारं बटण) असेल तर हलगीला ते चालू करा.

मोबाईलमध्ये टाळच ऐकू येतो याचं एक कारण असं, की मोबाईल आवाज आपोआप वर-खाली करतो. टाळ वाजला की सगळं दाबलं जातं, टाळ थांबला की मागचं उसळून येतं. ते बंद करता येणारं ॲप असेल तरच मोबाईल वापरा.

खालचे स्वर कापणारं लो-कटचं बटण गायकासाठी चालू ठेवायची सवय असते. मृदंगाच्या चॅनेलवर ते बंद आहे का ते बघा. ८० किंवा १०० हर्ट्झच्या खाली कापलं की धुमाचं तळच गेलं. मंडपातले पंखे बंद, इन्व्हर्टर असेल त्या सॉकेटपासून केबल लांब, शक्य तर रेकॉर्डर बॅटरीवर. पन्नास हर्ट्झची घरघर धुमाच्याच शेजारी बसते, नंतर काढायला गेलात तर धूमही सोबत जातो.

मृदंगप्रेमी_खानापूर
मंडळी, काल बुवांकडे जाऊन आलो. माईक न लावता आधी एक कान बोटाने बंद करून मृदंगाभोवती फिरलो. बुवांनी एकच ठेका धरून ठेवला होता. तबलजी म्हणतात तसं समोर दीड-दोन फुटांवर दोन्ही हात बरोबरीने येतात. पण त्याहून जरा धुमाकडे, गुडघ्याच्या रेषेत, एक जागा अशी आहे की धुमावर थापलेली कणीक ऐकू येते. म्हणजे थाप पडल्यावर आवाज जो ओला होऊन बसतो तो. तिथं एक कंडेन्सर ठेवून घेतलं आणि बुवांना हेडफोन लावून दिले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कणीक कमी पडलीय, परत लाव." पीठ मळून परत लावली, आणि मग सूर पकडला. कणीक सुकायला लागली की धूम बदलतो, त्यामुळे प्रत्येक अभंगानंतर ओल्या हाताने ती बघायची असं ठरलंय. मुद्रण रात्रीचं ठेवायचा विचार होता, पण आमच्याकडे रातकिडे इतके की दार लावलं तरी आत येतात.

शहापूरची_पेटी
मग पहाटे घ्या. काकड्याच्या वेळेला किडे कमी होतात आणि रस्त्यावर गाड्याही नसतात. पाऊस सुरू व्हायच्या आत उरका, शेजारी पत्र्याची शेड असेल तर रिमझिमसुद्धा ऐकू येईल. आणि बुवांना हेडफोन दिलात हे उत्तम. ते म्हणतील तोच माईक खरा.

चिकोडी_हलगी
एक विनंती. हलगीवाल्यांचं मुद्रण कराल तर आधी विचारा, नंतर त्यांना फाइल द्या. आमच्या मेळाची कितीतरी मुद्रणं कुणाकुणाच्या चॅनेलवर आहेत, वाजवणाऱ्याकडे एकही नाही.

कॅम्प_साउंड
याला जोरदार अनुमोदन. फाइल देताना एमपी३ देऊ नका, मूळ वेव फाइल पेन ड्राइव्हवर द्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, चारही चॅनेल सुटे. सुरुवातीला तोंडाने बोला : गाव, तारीख, वाजवणाऱ्याचं नाव, मृदंग कुठल्या पट्टीत लावलाय, कुठला माईक कुठं आहे. बुवांनी एकेक बोल सुटा वाजवून द्यावा, नंतर ठेका संथ लयीत, मग नेहमीच्या. शिकणाऱ्या पोरांना अभंगापेक्षा त्याच फाइलचा जास्त उपयोग होईल. एक प्रत मंडळाच्या संगणकात आणि दुसरी वेगळ्या घरात ठेवा.

मृदंगप्रेमी_खानापूर
ठरलं. काकड्याच्या वेळेला बसतोय. शहापूरच्या ताईंना विनंती, जाड घोंगडी बेळगावात कुठं मिळेल ते कळवावं, आमच्याकडची सगळी पातळ झालीत.

शहापूरची_पेटी
विकत कशाला घेता, आमच्या मंडळाच्या आहेत, घेऊन जा. टांगायला जाड सुतळीही देते.